तुमचा सोमवार

पाटीवरच्या ओल्या फडक्यावर ती पंजा ठेवायची आणि म्हणायची, "वैनी, तुमचा सोमवार." म्हणजे आज मासळी मिळणार नाही. सोमवार सगळ्यांचाच असतो, पण तिच्या लेखी तो खास माझा होता.

ही मासळीवाली मावशी किनाऱ्यावरच्या नवापूरची. सकाळी रिक्षाने बोईसरला यायची आणि आमच्या इमारतीचे चारही मजले चढायची. कोणाच्या घरात कोणता वार पाळतात, ते तिला तोंडपाठ. शेजारच्या साहेबांनी एकदा गुरुवारी हळूच कोलंबी मागितली. "मी नाही मानत हे सगळं," ते म्हणाले. "घरात विचारून या," असं सांगून मावशी पायरीवर बसून राहिली. साहेब आत गेले ते बाहेर आलेच नाहीत.

माझा सोमवार खरं तर सासूबाईंचा. त्या होत्या तेव्हा मीच तिला तसं सांगून ठेवलं होतं. पुढे सासूबाई वारल्या, नवऱ्याचं काहीच म्हणणं नव्हतं, आणि मला तर बोंबील दिसले की राहवत नाही. हे तिला चारदा सांगून पाहिलं. ती "हो ना," म्हणायची आणि फडकं आणखी घट्ट खोचायची. मी चिडून बटाट्याची भाजी करायची. आता तुम्हीच बघा, बोईसरच्या बाजारात मासळीवाल्या काय कमी होत्या? पण एकाही सोमवारी मी पिशवी घेऊन तिकडे गेले नाही.

एका मंगळवारी ती दारात बोंबील साफ करत होती. मी टोमणा मारला, "मावशी, आमचे नेम सांभाळता, तुमचा एखादा आहे की नाही?"

"हाय ना. घरची होडी हाय, पन तिच्यात मी कदी बसले नाय. बायका होडीतून जात नाय."

"असं कोण म्हणतं?"

"कोनी नाय. कोनी गेलीच नाय आजवर."

तिचा नवरा जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. होडी मुलगा चालवायचा. त्याला आता इथे कंपनीत काम लागलं होतं, आणि पावसाआधी होडी विकायचं ठरलं होतं. सांगता सांगता तिचा हात थांबला. "आमचे हे रोज कुटं जात होते, ते एकदा बगायचं होतं."

"मग जा ना. अडवतंय कोण?"

"कोनीच नाय, वैनी. अडवलं असतं तर भांडले असते."

 मग मी रोज विचारायला लागले, "गेलात?" ती मान हलवायची आणि मासळीचं बोलायची. एका गुरुवारी म्हणाली, गिऱ्हाईक मिळालं, शनिवारी होडी नेणार.

शुक्रवारी ती आली नाही. शनिवारी-रविवारीही नाही. माझं कशात लक्ष लागेना.

सोमवारी आली ती पाटी न उतरवताच म्हणाली, "बसले." मुलाने काही विचारलं नाही, नुसता हात पुढे केला होता.

"काय बघितलंत?"

"आमचं घर. येवढंसं दिसतं तिकडून. हे पन तसंच बगत असतील." तिचे डोळे भरून आले, आणि माझेही.

"गावात कोणी बोललं का काही?"

"दोगी आल्या ना. आमाला का नाय नेलंस, म्हनून भांडल्या." ती हसली. "आनि होडी तर गेली."

मग तिने पाटी खाली ठेवली आणि फडक्यावरचा हात काढून घेतला. "आज सोमवार. घेता?" इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदाच विचारलं होतं. मी बोंबील घेतले, तळले आणि मनसोक्त खाल्ले.

गेल्या वर्षी मावशी गेली. आता तिची सून येते. गोड आहे, कोणाचा कुठला वार हे तिला ठाऊक नाही आणि ती विचारतही नाही. सोमवारी पाटी उतरवून फडकं दूर करते. "वैनी, बोंबील लय ताजे हायेत."

बोंबील खरंच ताजे असतात. मी तिला म्हणते, "आज नको गं. माझा सोमवार." आणि बटाटे चिरायला घेते.