एकोणीसचं उत्तर

कुमुदताई गेल्याचा फोन तिच्या मुलीने, सीमाने केला तेव्हा मी निजामपुऱ्यात रिक्षात अडकले होते. दोन्ही बाजूंना पॉवरलूमचा खडखडाट... तिला तीनदा सांगावं लागलं. त्याला तीन आठवडे झाले. शोकसभेत जे बोलायला हवं होतं ते बोलले नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या ज्युनिअर कॉलेजात मी तासिका तत्त्वावर लागले तेव्हा ती संगणक विभागाची प्रमुख होती. कशेळीची, शेतकऱ्याघरची, तोंडाने फटकळ. मी मूळची कॉमर्सची, एक कोर्स करून आलेली. दशमान संख्या द्विमान करण्याचा धडा तिने मला दिला. सोपा धडा. संख्येला दोनने भागत जायचं, दर वेळी उरलेला शून्य किंवा एक बाजूला मांडायचा आणि शेवटी ते आकडे खालून वर वाचायचे. मी ते वरून खाली वाचायला शिकवलं. फळ्यावर उदाहरणं कोणती, तर पाच, नऊ, एकवीस, सत्तावीस. उत्तरं सुबक दिसतात म्हणून निवडलेली. नऊचं १००१. कुठूनही वाचा, तेच! उत्तरं बरोबर येत होती आणि मी खुशीत होते.

कुमुदताईने परीक्षेत एकोणीस विचारला. उत्तर १००११. वर्गातल्या झाडून सगळ्यांनी लिहिलं ११००१, म्हणजे पंचवीस. पेपर वाटले त्याच्या दुसऱ्या दिवशी पालक प्राचार्यांच्या केबिनमध्ये. एक जण शिफ्ट सोडून आलेला, केसांत कापसाचे तंतू. "सर, बच्ची ने वही लिखा जो मॅडम ने सिखाया." प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात कुमुदताई म्हणाली, "शिकवलं हिनं, पन माज्या नोट्सवरनं. चूक माजी हाय."

तिने मला कसल्याही नोट्स दिलेल्या नव्हत्या.

बाहेर आल्यावर मला रडू फुटलं. "रडतीस कायला? तुजी नोकरी कच्ची हाय, माजी पक्की. माजं काय वाकडं होनार?"

वाकडं झालं. तिचं प्रमुखपद गेलं आणि निवृत्तीपर्यंत तिला कॉलेजला जोडलेल्या शाळेच्या खालच्या वर्गांवर धाडलं. मी कायम झाले. पुढे तिची खुर्चीही मलाच मिळाली. आमचं येणंजाणं राहिलं, पण त्या दिवसाचा विषय तिने कधी काढला नाही. एखादा टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. कधी कधी मला तिचा रागच यायचा.

शोकसभेत प्राचार्यांनी तोच किस्सा सांगितला, अगदी प्रेमाने. "चूक कबूल करायला काळीज लागतं," ते म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी बोलायला उठले... आणि तिच्या हातच्या सुक्या जवळ्याच्या वड्यांबद्दल बोलून खाली बसले. त्या क्षणाची मला आजही लाज वाटते.

परवा सीमाकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. ती चहा गाळत होती. तिने मान वर केली नाही.

"मला ठाऊक आहे, मावशी. आईनेच सांगितलं होतं. दवाखान्यातसुद्धा मी तुझ्यावर चिडले की म्हणायची, सांगेल ती एक दिवस, तिला घाई करू नकोस."

ती जाईपर्यंत मी घाई केली नाही.