दगडीपाल्याचा अर्क

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी नांदेडच्या कॉलेजात मी प्रोजेक्टला दगडीपाला घेतला. बांधावर कुठंही उगवतो, जखमेवर चुरडून लावतात, तोच. सुचवला बाबांनी. ते लातूरजवळच्या मुरुडला, आमच्या गावी, ग्रामपंचायतीचं पाणी सोडायचे. व्हॉल्व्ह फिरवताना हात खरचटला की हाच पाला चोळायचे. त्यांनीच पोतंभर उपटून, सावलीत वाळवून एसटीनं पाठवला.

मी त्याची भुकटी मिथेनॉलमध्ये भिजवली, गाळली. प्लेटमध्ये जंतू पसरले, छोटे खड्डे पाडून त्यात अर्क सोडला. दुसऱ्या दिवशी खड्ड्यांभोवती स्वच्छ गोल दिसले. तिथं जंतू वाढलेच नव्हते. मी लगेच फोन लावला.

"बाबा, तुमच्या पाल्यात दम हाय."

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

त्याच आठवड्यात त्यांच्या तळव्यात खिळा घुसला. मला कुणी सांगितलं नाही. शुगरमुळं पायाला काही कळायचंच नाही. चप्पल रक्तानं चिकटलेली आईला दिसली, तेव्हा समजलं. ती दवाखान्यात चला म्हणत राहिली. "माझी पोरगी नांदेडात ह्याचंच औषध करायलीय, अन् मी दवाखान्यात जाऊ?" असं म्हणून ते पाला बांधत राहिले. पाय काळा पडला तेव्हा लातूरला नेलं.

इकडे माझ्या गाईड मॅडमनी विचारलं, "नुसतं मिथेनॉल टाकून बघितलंस?"

नव्हतं बघितलं. मग टाकलं. तसाच गोल आला, तेवढाच.

"म्हणजे पाल्यानं काही केलं नाही?"

"ह्या प्लेटमध्ये तरी नाही. आहे तसं लिही."

मी पट्टी लावून गोल मोजत होते, तेव्हा आईचा फोन आला. पाला बांधल्याचं तिनं तेव्हा सांगितलं. मग म्हणाली, "डॉक्टर पाय गुडघ्याखाली काढायचा म्हणतेत."

मी "बरं" म्हटलं. उरलेल्या प्लेटा मोजल्या, वहीत आकडे उतरवले, हात धुतले. रडू आलं नाही. हात मात्र दुसऱ्यांदा धुतले.

लातूरला पोचले तोवर ऑपरेशन झालं होतं. चादर एका बाजूला सपाट होती. बाबांनी विचारलं, "झालं का तुझं औषध?"

"न्हाई झालं. तो गोल मिथेनॉलचा होता."

"मग पाला?"

"पाल्याचं काही दिसलं नाही, बाबा."

"असं व्हय," म्हणाले, आणि पाणी मागितलं. मी पाजलं. पाल्यात दम हाय, हे त्यांना फोन करून मीच सांगितलं होतं.

प्रोजेक्टला मार्क चांगले पडले. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, निष्कर्ष प्रामाणिक आहे. मी "थँक यू सर" म्हटलं. ग्रामपंचायतीनं पाणी सोडायला दुसरा माणूस घेतला.

आता मी नांदेडलाच एका लॅबमध्ये रक्त-लघवीचे रिपोर्ट करते. आई फोनवर विचारते, "लई दिवस झाले, आली न्हाईस?" मी म्हणते, काम आहे. रविवारी सुट्टी असते, हे तिला माहीत आहे.