शुक्रवारचा शेवटचा तास

ठाण्याहून फुलवंताचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. "मॅडम, बाई गेल्या," एवढंच ती म्हणाली. रिबेकाबाई थकल्या आहेत, ठाण्याला मुलाकडे अंथरुणावरच असतात, हे ठाऊक होतं. फुलवंता ही आमची जुनी विद्यार्थिनी, आता गोंदियाच्या दवाखान्यात नर्स आहे. रजा टाकून ती त्यांच्या उशाशी जाऊन राहिली होती. बाई ज्यू, आणि ज्यूंमध्ये दफन लांबवत नाहीत, त्यामुळे इथून निघून मी वेळेत पोचणं शक्यच नव्हतं. मी पोरांना चित्र काढायला सांगितलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले.

बाई कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू घरातल्या. बोलणं आपल्यासारखं मराठी, प्रार्थना तेवढी हिब्रूत. लग्नाआधी त्या मुंबईच्या एका ज्यू प्राथमिक शाळेत शिकवत. पुढे नवऱ्याची रेल्वेतली बदली गोंदियाला झाली आणि त्या दरेकशाच्या बाजूच्या आमच्या शाळेत लागल्या. मी गोंदियाजवळच्या मुर्रीची, नोकरीत अगदी नवी. आम्ही दोघी सकाळच्या पॅसेंजरने जायचो आणि वाटेत त्या मला मुंबईच्या शाळेतलं सांगायच्या. तिथे शनिवार म्हणजे शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस, शाळा बंद. म्हणून शुक्रवारचा शेवटचा तास धड्याचा नसे. त्या तासाला मुलांनी उठून आठवड्यात दुसऱ्या कुणी केलेलं एखादं चांगलं काम सांगायचं. स्वतःचं सांगायचं नाही, आणि जे डोळ्यांनी पाहिलं तेच सांगायचं. त्याला चॉकलेट नाही, वहीत चांदणी नाही. वर्गाने फक्त नीट ऐकायचं. आमच्याकडे शनिवारी सकाळची शाळा भरायची, त्याबद्दल बाईंनी कधी कुरकुर केली नाही. शुक्रवारचा तो तास मात्र त्यांनी इथेही तिसरीच्या वर्गात सुरू केला.

आमच्या मुख्याध्यापकांना हे पटलं नव्हतं. माणूस वाईट नव्हता, पण टेबलावर छडी ठेवूनच बसायचा. "मॅडम, हे मुंबई नव्हे. इथं पोरं छडीबिगर ऐकून नाही राहत," असं त्यांनी पहिल्याच महिन्यात सुनावलं. त्यांचा सगळा राग होता तो फुलवंतावर. तिसरीतली ही पोर मारायची, चावायची, पाटी फोडायची. आई-बाप जंगलाच्या कामावर, घरी कोणी नाही. एकदा तिने रजनी नावाच्या मुलीच्या हाताचा असा चावा घेतला की रजनीचा बाप शाळेत येऊन ओरडून गेला. मुख्याध्यापकांनी ठरवलं, हिला इथून काढून लांबच्या आश्रमशाळेत पाठवायचं. बाईंनी दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली.

मग शुक्रवारमागून शुक्रवार जात राहिले. इतर पोरांची नावं निघत, फुलवंताचं कधी निघत नसे. ती मागच्या भिंतीला टेकून नखं खात बसायची. मला ते बघवेना. मी बाईंना म्हटलं, तुम्हीच तिचं काहीतरी चांगलं सांगून टाका ना. बाई म्हणाल्या, "खोटं सांगितलं तर तिलाच सगळ्यांत आधी कळेल."

दिवाळी अगदी तोंडावर आली असताना, मधल्या सुट्टीत पहिलीतल्या एका लहानगीचं पोट बिघडलं आणि तिचे कपडे खराब झाले. पोरं नाक धरून हसायला लागली. आम्ही खिडकीतून पाहिलं, तर फुलवंता त्या मुलीला ओढत बोरिंगवर घेऊन गेली, तिला धुतलं, फ्रॉक धुवून पिळला, स्वतःची ओढणी तिला गुंडाळली आणि फ्रॉक वाळेपर्यंत शाळेच्या मागे तिच्याजवळ बसून राहिली. मी म्हटलं, आता तरी सांगाल ना? बाई म्हणाल्या की पोरांपैकी कुणी सांगितलं तरच ती त्यांच्यातली होईल, आपण थांबू.

शुक्रवार उजाडला. तास संपत आला तरी कोणी तिचं नाव काढेना. मीही मुद्दाम त्या वर्गात येऊन मागे उभी राहिले होते. तेवढ्यात रजनी उठली. तीच, जिच्या हातावर अजून दातांचे व्रण होते. "बाई, फुलवंतानं पहिलीतल्या पोरीचा फ्राक धुवून देला. कोणाले सांगू नको म्हणे. पण मी पाहून राहिली होती."

फुलवंता लालेलाल झाली आणि तिने तोंड गुडघ्यांत घातलं. मुख्याध्यापक दारात उभे होते, ते तिथूनच आपल्या खोलीकडे वळले. दुसऱ्या दिवशी बाई डबा भरून मलिदा घेऊन आल्या. गोड पोहे, वर नारळ. त्यांच्या समाजात देवाचे आभार मानायचे असले की करतात. सगळ्या वर्गाला सारखा वाटला, फुलवंताला कणभरही जास्त नाही. आश्रमशाळेचा विषय पुन्हा निघाला नाही. पोर एका दिवसात बदलली असं नाही, भांडणं पुढेही झाली, पण चावणं थांबलं. आणि काही दिवसांनी शुक्रवारी आधी हात वर करणाऱ्यांत ती असायची. मुख्याध्यापकांनी निवृत्त होताना भाषणात सांगितलं, की पोरांना वळण लावणं मी रिबेका मॅडमकडून शिकलो. त्या गावच्या शाळेत शिकवल्याचा मला आजही अभिमान वाटतो, तो बाईंमुळे.

बाई गेल्यानंतर, मागच्या आठवड्यात त्यांच्या मुलाचा फोन आला, तेव्हा त्याने तिथलं सांगितलं. त्यांच्याकडे माणूस गेल्यावर सात दिवस घरचे लोक जमिनीवर बसतात आणि भेटायला येणारे गेलेल्या माणसाबद्दल बोलतात. समाजातले पुष्कळ जण बोलून गेले. शेवटी मुलाने फुलवंताला विचारलं, ताई, तुम्ही काही सांगता का? ती उठून उभी राहिली, शाळेतल्यासारखी हाताची घडी घालून. तिथे सगळे अनोळखी होते, पण ती आपल्याच बोलीत बोलली.

"बाईनं मले कधी खोटं चांगलं म्हटलं नाही. म्हणून ज्या दिवशी माझं खरं चांगलं निघालं, त्या दिवशी मले पटलं."