बघण्याचे सगळे प्रकार

एकतिसाव्या वर्षी मी आईशी एक करार केला. घोडेगावच्या एका शाळेत इंग्रजीच्या शिक्षिकेची जागा निघाली होती. ती मिळाली तर लग्नाचं मी म्हणेन तेव्हा, मी म्हणेन तसं. नाही मिळाली, तर रविवारी पिंपळवंडीला मला बघायला येणाऱ्या पाहुण्यांनी होकार दिला की मी गुमान बोहल्यावर चढायचं. आईने लगेच मान डोलावली. मला नोकरी लागेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

खरं सांगायचं तर माझ्याही नव्हतं. मराठी शाळेत शिकलेली मी. इंग्रजीत एम.ए. केलं ते पुस्तकात डोकं खुपसून. चारचौघांत बोलायची वेळ आली की तोंडाला कोरड पडायची. रविवारचा पाहुणा बिजवर होता, त्याची रोपवाटिका चांगली चालायची. माणूस वाईट असेल असं नाही. पण आधी सात जण मला बघून गेले होते, पोहे खाऊन, चहा पिऊन, आणि आठव्यापुढे पुन्हा ताट धरायचं म्हटलं की माझं डोकं फिरायचं.

मुलाखत म्हणजे आठवीच्या वर्गावर एक पाठ घ्यायचा. मागच्या बाकावर मुख्याध्यापिका बसल्या होत्या आणि त्यांच्याशेजारी पुण्याहून आलेले एक सर. माझा अर्ज चाळून ते फक्त ‘अच्छा, मराठी मीडियम’ एवढंच बोलले होते. विषय चिठ्ठी उचलून ठरायचा. माझ्या चिठ्ठीवर होतं: पाहण्यासंबंधीचे इंग्रजी शब्द, जुने आणि आजचे.

मी फळ्यावर शब्द लिहिले आणि एकेकाचा अर्थ सांगत सुटले. लुक म्हणजे बघणे. वॉच म्हणजे लक्ष ठेवून बघणे. स्टेअर म्हणजे टक लावून बघणे. गेझ म्हणजेही, म्हणजे बघा, टक लावूनच बघणे. पुढच्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी उभी राहिली. “मॅडम, दोन्ही एकच, तर मग दोन शब्द कशाला?”

मी फळ्याकडे वळून दोन्ही शब्द पुन्हा वाचले. पुण्याचे सर घड्याळाकडे बघत होते. मला राग आला, स्वतःचाच. अगं बाई, सात वेळा लोकांच्या नजरांखालून गेलीस तू! आणि तुला यातला फरक सांगता येईना?

मी खडू खाली ठेवला. “कांदेपोह्यांचा कार्यक्रम कुणीकुणी बघितलाय?”

झाडून सगळे हात वर. मग काय! पहिल्या दोन बाकांवरचे पाहुणे झाले. हजेरीपट झाला ताट, त्यावर डस्टर आणि खडूचे खोके. मी डोक्यावर पदर घेतला, वर्गाबाहेर गेले आणि खाली मान घालून आत आले. पोरं अशी खिदळली की शेजारच्या वर्गातले मास्तर डोकावून गेले.

“सासूबाई, तुम्ही माझ्याकडे नखापासून केसापर्यंत बघा. पापणी हलवायची नाही. मी अवघडले तरी थांबायचं नाही. धिस इज स्टेअर! नवरदेव, तुम्ही मान वर करायची नाही. फक्त बशी घेताना एकदा, चोरून. ग्लान्स! शेजारच्या काकू, तुम्ही खिडकीच्या फटीतून. पीप! आत्याबाई, चष्मा सरकवा, डोळे बारीक करा, रंग मूळचा आहे की पावडर लावलीय ते शोधा. पीअर! आणि मामा, तुम्हाला इथं कशाशीच देणंघेणं नाही. तुम्ही दारातून लांब डोंगराकडे बघत बसा, निवांत, मन भरेपर्यंत. दॅट इज गेझ. त्या डोंगराला काही त्रास होतो का?”

“नाही!” सगळा वर्ग ओरडला.

“आणि मला होत होता?”

“हो!”

यानंतर मी कधी इंग्रजीत शिरले ते माझं मलाच कळलं नाही. जीभ सुटली ती सुटलीच. एवढी मजा मला कुठल्याच वर्गात आली नव्हती, ना शिकताना ना शिकवताना.

“मॅडम, बिहोल्ड राहिला,” वेण्यांवाली म्हणाली.

“तो जुना शब्द. आता बोलण्यात नसतो. समोर काहीतरी थोर, देखणं आलं की हातातलं काम टाकून बघायचं, तेव्हा म्हणायचे.”

“मुलगी बाहेर आल्यावर म्हणत्यात?”

“मला तरी अजून कुणी म्हटलं न्हाई,” मी बोलून गेले, थेट पिंपळवंडीच्या बोलीत. मुख्याध्यापिका तोंडाला रुमाल लावून हसत होत्या.

पाठ संपल्यावर पुण्याच्या सरांनी विचारलं, “स्टेअर आणि गेझमधला हा फरक कुठल्या पुस्तकात मिळाला तुम्हाला?”

“पुस्तकात नाही, सर. सात वेळा ताट घेऊन बाहेर आलेय.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मीही डोळे खाली वळवले नाहीत. अर्ध्या तासाने मुख्याध्यापिकांनी मला आत बोलावलं, नेमणुकीच्या कागदावर सही केली आणि सोमवारी हजर व्हायला सांगितलं.

एसटी स्टँडवर उभी राहून मी घरी फोन लावला. आनंदाने मला नीट बोलताही येईना. आई म्हणाली, “लागली? खरंच लागली? आगं पण त्या पावण्यांनी रविवारची जीप सांगितलीया. आता त्यास्नी काय सांगू?”

“सांग, पोरीला स्थळ पसंत न्हाई.”

“आगं, तू बघितलंयस तरी कुठं त्याला?”

“बघणार बी न्हाई!”

आई मोठ्यांदा हसली आणि भावाला हाक मारून, साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, “आरं, लाव त्यांना फोन! म्हणावं, आमची पोरगी नगं म्हणतीया!”