कवडूचा पुकारा

नाव : कवडू मारोती. हुद्दा : फौजदारी कोर्टाचा पट्टेवाला, जिल्हा वर्धा. उंची : पाच फूट तीन इंच. ओळखीची खूण : उजव्या भुवईवर व्रण. विशेष पात्रता : आवाज मोठा. शेरा : साक्षीदारांस दारात उभे राहून तीन वेळा मोठ्याने, पूर्ण नावाने पुकारण्याचे काम सदर इसम समाधानकारक करतो.

'समाधानकारक' हा सरकारी कंजूषपणा झाला. कवडूने हाक दिली की पलीकडच्या बाजारातला भाजीवाला तराजू धरून थांबायचा. बायको म्हणायची, "आवाज कोर्टाचा हाये. घरी तं मीठ मागाले बी निंगत नाई."

एकोणीसशे सत्तावन्नच्या उन्हाळ्यात सिंदीकडच्या एका खेड्यातला बलात्काराचा खटला कोर्टात आला. फिर्यादी मुलगी विशीतली, मजुरी करणारी. आरोपी गावच्या जुन्या मालगुजाराचा, म्हणजे जमीनदाराचा, पुतण्या. मालगुजारी कायद्याने गेली होती. पुतण्यांबद्दल त्या कायद्यात काही नव्हतं.

पहिल्या तारखेला कवडूने मुलीचं नाव नेहमीसारखं पुकारलं. आरोपीच्या गोतावळ्यातली पन्नासेक माणसं लिंबाखाली बसली होती, ती एकदम वळली. मुलगी पदर ओढून सरळ सडकेला लागली. दुसऱ्या तारखेला ती फाटकापर्यंत आली, हाक ऐकली आणि परतली. दोन्ही वेळा 'गैरहजर'. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी बजावलं, तिसऱ्यांदाही साक्ष झाली नाही तर आरोपीला सोडावं लागेल.

तिसऱ्या तारखेला सकाळीच मुलीची आई भागीरथा कवडूपुढे येऊन उभी राहिली.

"भाऊ, तुमच्यावर राग नाई. पण तुमी तिचं नाव घेता ना, तसंच गावातले पोट्टे आमच्या दारापुढं वरडतात. तीन डाव. हुबेहूब तुमच्यावानी."

आपली नक्कल होते याचं कवडूला आजवर कौतुक होतं.

"आज आली का थे?" त्याने विचारलं.

"कोर्टामांगं चिंचेखाली बसली हाये. नाव आयकलं का पयते."

अकराला आतून हुकूम झाला, "पुकारा." कवडू दारात आला. लिंबाखालच्या माना तयारच होत्या. त्याने कमरेचा पट्टा सारखा केला, घसा खाकरला आणि पायऱ्या उतरून कोर्टामागे गेला. पंधरा वर्षांत त्याने पुकाऱ्याच्या वेळी दार सोडलं नव्हतं. नोकरी जायला एवढं पुष्कळ होतं.

चिंचेखाली तो वाकला. "चाल माय. साहेबाचा चहा येते, त्या मांगच्या दारानं."

मुलगी हलली नाही. "नाव नाई घेणार?"

"नाई."

ती उठली.

आत आरोपीचे वकील प्रभाकरराव बोलतच होते, "फिर्यादी आजही गैर..." मुलगी साक्षीच्या पिंजऱ्यात उभी दिसली आणि शब्द अर्धाच राहिला. मग ते म्हणाले, "पण पुकारा कुठे ऐकू आला?"

साहेबांनी कवडूकडे पाहिलं. "पुकारलं?"

"जी. जिले आयकू जायचं, तिले गेलं."

साहेब बराच वेळ टाक पुसत राहिले. कवडूने तेवढ्यात मनातल्या मनात पट्टा उतरवून ठेवलासुद्धा.

"वकीलसाहेब, तुमची हरकत नेमकी कशाला? आवाजाला की हजेरीला?"

प्रभाकरराव खाली बसले.

"कवडू! आरोपी, वकील आणि मुलीची आई सोडून खोली रिकामी कर. आवारातली गर्दीही हटव. तेवढा अधिकार मला आहे."

मघापासून साठलेला आवाज कवडूने मोकळा सोडला. "चाला! भाइर! सारे भाइर!" बाजारात भाजीवाला तराजू धरून थांबला.

साक्ष दोनला संपली. मुलगी मागच्या दाराने बाहेर आली, रांजणातलं दोन लोटे पाणी प्याली आणि म्हणाली, "माय, भूक लागली." भागीरथेने भाकरीचं फडकं सोडलं. लिंबाखाली कोणी नव्हतं, म्हणून मायलेकी तिथेच सावलीत जेवल्या. पुढे सेशन कोर्टात आरोपीला सात वर्षांची सजा झाली. कवडूची नोकरी राहिली.

त्या दिवशीच्या रोजनाम्यात साहेबांच्या अक्षरात नोंद आहे : साक्षीदारास दारातून तीन वेळा मोठ्याने, पूर्ण नावाने पुकारले. हजर.

कवडूने तिला एकदाच बोलावलं होतं, हळू, आणि 'माय' म्हणून.