दारावरचा उलटा कुरडू

तण कापून दिवाणखान्यात ठेवायची अक्कल अख्ख्या रत्नागिरीत पहिल्यांदा मला सुचली. यात अतिशयोक्ती असेल तर तेवढीच, पुढचं सगळं खरं आहे.

आमच्या घरामागच्या कातळाच्या सड्यावर गणपती झाले की कुरडू माजतो. पांढरे-गुलाबी तुरे, माणसाहून उंच. एकदा त्यात आमची म्हैस तीन दिवस हरवली होती. त्याच्या शेजारी दीपमाळ, एका दांड्यावर काटेरी गोळ्यांचे मजलेच्या मजले. लोक शिव्या देत उपटतात. मी ते बी धरायच्या आत कापायचे आणि जुड्या बांधून पडवीतल्या दोरीवर उलट्या टांगायचे. उलटं टांगलं की दांडा वाकत नाही आणि सावलीत रंग टिकतो. तीन आठवड्यांनी ते तुरे फुलदाणीत असे उभे राहायचे, की पुण्याच्या बायका विचारायच्या, "हे कुठून मागवता?"

"परसातून" म्हटलं तर कोण घेणार? म्हणून मी गोष्ट रचली. दाभोळहून गलबतं सुटायची, तेव्हा खलाशांच्या बायका दारावर कुरडूचा तुरा उलटा बांधायच्या. माणूस सुखरूप परतला की तो सुलटा करून देवापुढे ठेवायच्या.

"दाभोळला तू कधी गेलीस?" नवऱ्याने विचारलं.

"त्या लग्नाला नाही का गेलो?"

"एसटी चुकली होती आपली. घरी परत आलो."

ही गोष्ट रचताना समोर बसली होती माझी शेजारीण. वीस वर्षांची मैत्रीण. आमच्या दोघींच्या मधल्या दगडी गडग्याला फाटक नव्हतंच, भगदाड होतं, त्यातून कालवणाच्या वाट्या यायच्या-जायच्या. कापायचं तिला मीच शिकवलं. सुकताना दांडे बारीक होऊन जुडीतून गळतात, म्हणून दोऱ्याऐवजी रबर लाव, हेही मीच सांगितलं. नाताळच्या सुट्टीत मांडवीला पर्यटकांसाठी प्रदर्शन भरतं, तिथे आम्ही एकाच टेबलावर बसायचो. ती जुड्या बांधायची, मी गोष्ट सांगायचे.

गेल्या वर्षी प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ती भगदाडातून म्हणाली, "गुडघा धरलाय गो माझा. यंदा नको जाऊया."

मी टेबल रद्द केलं. वर तिला शेकायला निर्गुडीचा पाला उकळून नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी नुसती भजी खायला म्हणून मांडवीला गेले. एका टेबलाभोवती ही गर्दी, आणि आतून तिचा आवाज. "माझी आजी खलाशाची बायको. तिच्या दारावरचा उलटा कुरडू मी या डोळ्यांनी बघितलाय. आजोबा परत आलेच नाहीत. तुरा तसाच राहिला." तिने पदर डोळ्यांना लावला. समोरच्या दोन बायकांनी ओढण्या लावल्या.

तिच्या आजोबांची पिठाची गिरणी होती. घोट्याच्या वर पाणी त्यांना फक्त आंघोळीला ठाऊक. नव्वदाव्या वर्षी स्वतःच्या खाटेवर गेले. पण 'परत आलेच नाहीत' हे मला कधी सुचलं नव्हतं. गोष्ट तिने चोरली ती चोरली, वर सुधारली.

तेवढ्यात तिने मला बघितलं. जराही अडखळली नाही. "या आमच्या शेजारच्या वहिनी. विचारा त्यांना, खरं की खोटं."

वीस वर्षं 'गो' होते. पर्यटकांसमोर वहिनी झाले.

खोटं म्हणावं, तर ते मला कसं ठाऊक हेही सांगावं लागणार. चोरीला गेलेल्या थापेची फिर्याद कुठल्या चौकीत घेतात?

"खरं आहे," मी म्हटलं. "गुडघा कसा आहे?"

"बरा आहे," ती म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

नंतर महिन्याभरात तिने भगदाडाला चिऱ्याचे तीन थर लावून घेतले.

यंदा कुरडू आला, तेव्हा मी एकच तुरा कापला आणि पुढच्या दाराला उलटा बांधला.

"मी तर घरातच आहे," नवरा म्हणाला.

"तुमच्यासाठी नाही."

त्याने चिऱ्यांकडे बघितलं. "अगं, पण ही रीत तूच रचलेली."

तुरा आता कडकडीत सुकलाय. रंग जसाच्या तसा आहे. रोज सकाळी कडी काढताना माझा हात त्याच्यापर्यंत जातो, आणि तसाच खाली येतो.