जिनिंगच्या मागचा फ्लॅट

माझ्या मावसभावानं माझं गाणं चोरलं, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी मला एकच ऐकवलं, आपलेच दात, आपलेच ओठ. गाणं माझ्या गेलेल्या आईवर होतं. दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचताना ती जे गुणगुणायची, त्या चालीवर मी शब्द बांधले होते. त्यानं ते गाऊन मोबाईलवर टाकलं आणि खाली लिहिलं, शब्द माझे, चालही माझीच. बेल्यापासून निर्मलपर्यंत गावोगावच्या लग्नांत ते वाजू लागलं. मी शाळेत शिकवते, तर माझ्याच वर्गातली पोरं मला ते त्याचं गाणं म्हणून ऐकवायची. माझं डोकं फिरायचं.

त्या पावसाळ्यात मी आदिलाबादेत भाड्याचा फ्लॅट बघत होते. माझी गाणी मला घरीच रेकॉर्ड करायची होती. रिकाम्या खोलीत मधोमध उभं राहून टाळी वाजवायची, पंखा बंद करून कान द्यायचा. दलाल वैतागायचे. एकानं मात्र जिनिंगच्या मागचा फ्लॅट दाखवला. "म्याडम, सुई गिरी तो भी सुनाई देती," म्हणाला. खरंच, बाहेरचा एकही आवाज नव्हता. खिडकीतून फक्त जिनिंगचं बंद शेड दिसत होतं.

कापसातून सरकी काढणाऱ्या त्या कारखान्यात माझ्या बापानं जिंदगी काढली. पावसाळ्यात तो बंद असतो. दिवाळीच्या सुमाराला नवा कापूस आला, की उन्हाळा लागेपर्यंत यंत्रं रात्रंदिवस घरघरतात. आम्ही शेजारीच राहायचो आणि घरात ओरडून बोलायचो. मी नको म्हणून निघाले, आणि जिन्यात मला तो मावसभाऊ आठवला. तोही रेकॉर्डिंगसाठी जागा शोधत होता, आणि आमच्याकडे तो यायचा ते फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत, यंत्रं बंद असताना. लहानपणापासून त्याला माझ्याच ताटातली भाकर गोड लागते.

रविवारी बुद्धविहारात मी त्याच्यासमोर त्या फ्लॅटचे भरपूर गोडवे गायले. उद्या बयाना देते म्हटलं. त्यानं त्याच संध्याकाळी दिला, लांबचा करार केला, भिंतींना फोम ठोकला. मी चार लोकांत तोंड पाडलं आणि घरी येऊन पोट धरून हसले. मग गावाच्या टोकाला एक फ्लॅट घेतला आणि आतल्या खोलीच्या भिंतींवर कापसाच्या गाद्या टांगल्या.

दिवाळीनंतर तो दारात उभा.

"ताई, तुही खोली दे ना एक रोज. माईकमंदी नुसती घरघर येऊन राह्यली."

"फोम लावला ना तू?"

"भिंतच हालते. तुले मालूम होतं?"

"माहा बाप तिथंच कामाले होता. तू इचारलं काऊन नाही?"

मी त्याला आत बसवलं, माईक चालू केला आणि त्याच्यासमोर ठेवला.

"पयले आईचं गानं कोनाचं हाय ते सांग. मंग तुहं गानं."

त्यानं माईक जवळ ओढला. मग माझं नाव घेऊन बोलला, "शब्द तिचे हायेत. चाल माह्या मावशीची." खोली इतकी शांत होती, की त्यानं गिळलेला आवंढासुद्धा रेकॉर्ड झाला.

"आता माहं घेऊ?" त्यानं विचारलं.

मी माईकची वायर काढून गुंडाळली. "आता घरी जा," म्हटलं. मला जराही वाईट वाटलं नाही.

मग आईचं गाणं मी माझ्या आवाजात रेकॉर्ड केलं आणि त्याचं बोलणं सुरुवातीलाच जोडून मोबाईलवर टाकलं. आता लग्नांत तेच वाजतं. आधी त्याचा आवंढा ऐकू येतो, मग आईचं गाणं.